ऑब्जेक्ट ओरिएंटेड रचनेतील आकृत्यांचा इतिहास आणि सातबारा : गेवराई तालुक्याच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

गेवराई हा बीड जिल्ह्याच्या उत्तर भागातील, गोदावरीच्या काठाला लागून असलेला तालुका होय. कापूस आणि ऊस ही येथील शेतीची महत्त्वाची नगदी पिके आहेत. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता. त्यानंतर १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात, पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. राजवटी बदलल्या, महसुली कागदांची भाषा व नमुने बदलले, परंतु जमिनीच्या कागदाचे शेतकऱ्याच्या जीवनातील स्थान बदलले नाही. आज तो कागद म्हणजे सातबारा उतारा. पीककर्ज, पीकविमा, शासकीय अनुदान, खरेदी-विक्री, वारसनोंद यांपैकी कोणतेही काम त्याशिवाय पुढे सरकत नाही.

हा सातबारा आता संगणकात गेला आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा राज्यात उपलब्ध होऊ लागला. संगणकातील सातबारा हे कागदी सातबाराचे छायाचित्र नव्हे. 'खातेदार' म्हणजे कोण, 'गट' म्हणजे काय, या दोहोंचा संबंध कसा नोंदवायचा, कोणती नोंद कोणाच्या परवानगीने बदलते, या सर्व प्रश्नांची उत्तरे आज्ञावली लिहिण्यापूर्वी कोणाला तरी निश्चित करावी लागतात. अशी उत्तरे कागदावर मांडून तपासण्यासाठी संगणकशास्त्रात ज्या आकृत्या विकसित झाल्या, त्यांचे आज सर्वत्र शिकवले जाणारे रूप म्हणजे युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, अर्थात यूएमएल.

पदवी व पदव्युत्तर स्तरावरील संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत या आकृत्यांना स्थान आहे. तथापि पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा ठरलेली असतात : ग्रंथालय, एटीएम यंत्र, हॉटेलचे आरक्षण. विद्यार्थी चौकोन, बाण आणि मानवाकृती पाठ करतो व परीक्षेत उतरवतो. ही आकृती कोणासाठी काढावयाची, हा प्रश्न त्यात मागे पडण्याचा धोका असतो. या आकृत्यांचा इतिहास मात्र याच प्रश्नाभोवती फिरतो. काम जाणणारा मनुष्य आणि आज्ञावली लिहिणारा मनुष्य यांना एकमेकांचे म्हणणे तपासता यावे, या गरजेतून त्या वाढल्या. गेवराईसारख्या तालुक्याच्या ठिकाणी काम जाणणारा मनुष्य विद्यार्थ्याच्या घरातच असतो, हे लक्षात घेतल्यास त्यांच्या अध्यापनाला वेगळी दिशा मिळू शकते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. प्रवाह-आकृतीपासून यूएमएलपर्यंतच्या वाटचालीचा संक्षिप्त आढावा घेणे.
२. ऑब्जेक्ट या संकल्पनेमागील सामाजिक संदर्भ स्पष्ट करणे.
३. या क्षेत्रातील महाराष्ट्राचे योगदान नोंदविणे.
४. सातबारा या परिचित कागदाच्या आधारे आकृत्यांचे अध्यापन कसे करता येईल, याचा विचार करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. सातबाराचे विवेचन गाव नमुन्यांच्या प्रचलित स्वरूपावर आधारलेले आहे. शासनाच्या प्रत्यक्ष संगणक प्रणालीच्या अंतर्गत रचनेचे परीक्षण करणे हा या लेखाचा हेतू नाही. तसेच 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' या संज्ञेसाठी 'वस्तुनिष्ठ' हा शब्द येथे टाळला आहे, कारण मराठीत त्या शब्दाला 'पूर्वग्रहरहित' हा अर्थ आधीच रूढ आहे.

१. आकृत्यांची पूर्वपीठिका

कामाचे टप्पे चित्राने दाखविण्याची पद्धत संगणकाहून जुनी आहे. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाच्या प्रक्रियेचे तक्ते सादर केले. कारखान्यातील एखादे काम कोणत्या क्रमाने होते, कोठे थांबते आणि कोठे तपासले जाते, हे त्यांत चिन्हांनी दाखविलेले असे. संगणकाच्या आरंभकाळात हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४७ च्या सुमारास आज्ञावलीचे नियोजन करण्यासाठी प्रवाह-आकृतीचा वापर केला. आज शाळेच्या पुस्तकातही आढळणारी प्रवाह-आकृती याच परंपरेतील होय.

प्रवाह-आकृती 'आधी काय, नंतर काय' हे उत्तम दाखविते. परंतु आज्ञावल्या जसजशा मोठ्या होत गेल्या, तसतसा केवळ क्रम दाखविणे अपुरे पडू लागले. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत मोठ्या प्रणाली वेळेत व बिनचूक तयार होत नाहीत, या अडचणीची सविस्तर चर्चा झाली आणि 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा रूढ होण्यास त्या परिषदेने हातभार लावला.

पुढील दशकात दोन प्रकारच्या आकृत्या पुढे आल्या. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये घटक आणि त्यांचे परस्परसंबंध दाखविणारी आकृती मांडली. टॉम डीमार्को यांच्या १९७८ मधील ग्रंथाने माहिती कोठून कोठे वाहते हे दाखविणाऱ्या आकृत्यांचा प्रसार केला. या दोन्ही आकृत्यांत संगणकाचा उल्लेख जवळजवळ नसतो. त्यांत असतो तो कार्यालयाचा, कागदांचा आणि माणसांचा व्यवहार. मात्र त्यांची विभागणी अशी होती की, एक आकृती माहितीची आणि दुसरी तिच्यावरील क्रियांची. प्रत्यक्ष व्यवहारात माहिती व क्रिया एकत्रच नांदतात. ही फूट सांधण्याचे काम ज्या विचाराने केले, त्याचा उगम त्यापूर्वीच नॉर्वेमध्ये झालेला होता.

२. ऑब्जेक्ट संकल्पनेचा उगम आणि तिचा सामाजिक संदर्भ

ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा घडविली. तिची १९६७ ची आवृत्ती ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांची जननी मानली जाते. या भाषेचा मूळ हेतू प्रत्यक्ष व्यवहाराचे संगणकावर अनुकरण करणे हा होता.

हा हेतू मराठवाड्यातील वाचकास परिचित उदाहरणाने समजावून घेता येईल. साखर कारखान्याच्या काट्यावर गळीत हंगामात बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक यांची रांग लागते. प्रत्येक वाहनाची येण्याची वेळ, त्यातील उसाचे वजन आणि तो ऊस कोणत्या शेतकऱ्याचा आहे ही माहिती वेगळी असते. तरीही रांगेत थांबणे, वजन करणे, ऊस उतरविणे, रिकामे वजन करणे ही कामे सर्वांना समान असतात. या समान साच्याला 'क्लास' म्हणावे आणि रांगेतील प्रत्येक वाहनाला 'ऑब्जेक्ट' म्हणावे. माहिती आणि वर्तन ही दोन्ही ज्याची त्याच्यापाशी ठेवली की रांगेचे अनुकरण सोपे होते. सिम्युलामागील मूळ विचार इतका साधा आणि इतका व्यवहाराला धरून होता.

नीगार्ड यांच्या कार्याचा दुसरा भाग अभ्यासक्रमांत फारसा सांगितला जात नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेसमवेत एक प्रकल्प हाती घेतला. कारखान्यांत संगणक येत होते आणि त्यांचे आराखडे व्यवस्थापन व तज्ज्ञ मिळून ठरवीत होते. कामगारांना त्या आराखड्यांवर बोलता यावे, यासाठी संघटनेच्या सभासदांकरिता अभ्याससाहित्य तयार करण्यात आले. या प्रकल्पातूनच पुढे नवी प्रणाली आणताना कामगार संघटनांशी विचारविनिमय करण्याचे करार नॉर्वेमध्ये झाले. १९७५ मध्ये नीगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेल्टा नावाची भाषा मांडली. संगणकाला आज्ञा देण्यापेक्षा प्रणालीचे वर्णन करणे हे तिचे प्रयोजन होते.

दाल आणि नीगार्ड यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला व २००२ मध्ये दोघांचेही निधन झाले. त्यांच्या कार्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांच्या कामाचे वर्णन होत आहे त्यांना ते वर्णन वाचता आले पाहिजे व त्यात चूक दाखविता आली पाहिजे, ही अपेक्षा ऑब्जेक्ट संकल्पनेच्या जनकांपैकी एकाने प्रत्यक्ष कृतीत उतरविली होती.

३. पद्धतींचे मतभेद आणि एकीकरण

१९८० च्या दशकात स्मॉलटॉक व सी प्लस प्लस या भाषांमुळे ऑब्जेक्ट संकल्पना प्रयोगशाळेबाहेर पडली. त्याबरोबर ती कागदावर कशी काढावी, याविषयी अनेक पद्धती निर्माण झाल्या. ग्रेडी बूच यांच्या १९९१ च्या ग्रंथात क्लास ढगाच्या आकाराने दाखविला होता. त्याच वर्षी जेम्स रम्बो व सहकाऱ्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात क्लाससाठी आयत होता. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत दूरध्वनी प्रणालींवर काम केलेले इव्हार याकोबसन यांचा ग्रंथ १९९२ मध्ये आला. त्यांनी 'यूज केस' ही कल्पना रूढ केली. प्रणालीच्या अंतरंगाआधी, तिच्या बाहेर उभा असलेला मनुष्य तिच्याकडून कोणते काम करून घेऊ इच्छितो हे लिहून काढावे, असा तिचा आशय आहे. डेव्हिड हॅरेल यांनी विमानाच्या प्रणालीवर काम करणाऱ्या अभियंत्यांशी झालेल्या चर्चांतून अवस्था-आकृतीचे नवे रूप विकसित केले व ते १९८७ मध्ये प्रसिद्ध केले.

एकाच आशयासाठी अनेक चिन्हे असल्याने गोंधळ वाढला. या काळाला 'पद्धतींचे युद्ध' असे म्हटले जाते. १९९४ मध्ये रम्बो हे बूच यांच्या रॅशनल कंपनीत दाखल झाले आणि १९९५ मध्ये याकोबसनही त्यांना येऊन मिळाले. तिघांच्या व अन्य कंपन्यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेली यूएमएलची १.१ ही आवृत्ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संघटनेने नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. २००५ मध्ये दुसरी प्रमुख आवृत्ती आली. आरंभीच्या नऊ प्रकारच्या आकृत्यांची संख्या दुसऱ्या आवृत्तीत तेरा व पुढे चौदा झाली.

एकीकरणाचा लाभ निर्विवाद आहे. पुण्यात काढलेली आकृती ओस्लोमध्ये वाचता येऊ लागली. परंतु चिन्हांची संख्या वाढत गेल्याने ही भाषा तज्ज्ञांपुरती होण्याचा धोकाही निर्माण झाला. शेतकरी, कारकून किंवा कामगार यांना चौदा प्रकारच्या आकृत्या वाचता येतील, अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही.

४. आकृत्या शिकण्याचा प्रश्न

ऑब्जेक्टच्या पद्धतीने विचार करणे शिकवायचे कसे, हा प्रश्न यूएमएलच्या आधीच उपस्थित झाला होता. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये त्यासाठी अत्यंत साधे साधन सुचविले. ग्रंथालयात वापरतात तसे एक कोरे कार्ड घ्यावे. त्यावर क्लासचे नाव, त्याची जबाबदारी आणि ते काम करताना त्याला कोणाची मदत लागते, एवढेच लिहावे. गटातील प्रत्येकाने एकेक कार्ड हाती घेऊन ते पात्र असल्याप्रमाणे बोलावे. कार्डावर मजकूर मावेनासा झाला, तर त्या क्लासवर जबाबदारी जास्त पडली असे समजावे. या पद्धतीला संगणक लागत नाही आणि चिन्हेही पाठ करावी लागत नाहीत.

मार्टिन फाउलर यांनी यूएमएलच्या वापराचे तीन प्रकार सांगितले आहेत : चर्चेसाठी काढलेले कच्चे रेखाटन, बांधकामाच्या नकाशासारखा पूर्ण आराखडा आणि थेट आज्ञावलीची भाषा. २००१ मधील अजाइल जाहीरनाम्यानंतर मोठ्या आराखड्यांवरील भर ओसरला. मारियन पेत्रे यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० व्यावसायिकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांपैकी ३५ जण यूएमएल वापरत नव्हते, तर ११ जण गरजेपुरत्या निवडक आकृत्या वापरत होते. संपूर्ण पद्धती मनापासून अंगीकारणारा एकही जण त्यांत आढळला नाही.

या निष्कर्षावरून आकृत्या शिकवूच नयेत, असे म्हणणे घाईचे ठरेल. निवडक वापर करणाऱ्यांनी आकृती टिकवून ठेवली ती चर्चेसाठी व विचार स्पष्ट करण्यासाठी. म्हणजे व्यवहारात जे टिकले, ते याकोबसन, बेक आणि नीगार्ड यांना अभिप्रेत असलेले संवादाचे अंग होय. परीक्षेत मात्र चिन्हांच्या अचूकतेला गुण मिळतात. ही विसंगती अध्यापकांनी विचारात घेण्यासारखी आहे.

५. महाराष्ट्राचे योगदान

आकृतीचा तिसरा उपयोग, म्हणजे आकृतीपासूनच आज्ञावली तयार करणे, याबाबत महाराष्ट्रातील कार्य उल्लेखनीय आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिच्या जडणघडणीत फकीरचंद कोहली यांचा सिंहाचा वाटा होता. १९८१ मध्ये पुण्यात टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्राची स्थापना झाली. या केंद्रातील संशोधनाच्या आधारे १९९० च्या दशकात मास्टरक्राफ्ट हे साधन विकसित झाले. व्यवहाराचे प्रतिमान आकृतीच्या रूपात नोंदवावे आणि त्यापासून आज्ञावलीचा मोठा भाग यंत्रानेच तयार करावा, असे त्याचे स्वरूप होते. या कार्याशी निगडित असलेले विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी यांचा शोधनिबंध २००३ मध्ये आयट्रिपलई सॉफ्टवेअर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका प्रतिमानाचे दुसऱ्या प्रतिमानात रूपांतर करण्याचे जे आंतरराष्ट्रीय प्रमाण ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने तयार केले, त्याच्या प्रस्तावकांतही या कंपनीचा समावेश होता.

या उदाहरणाचे महत्त्व दुहेरी आहे. पहिले असे की, या विषयाचा इतिहास केवळ परदेशात घडलेला नाही. दुसरे असे की, आकृतीपासून थेट आज्ञावली निघणार असेल, तर आकृतीतील चूक पुढे सर्वत्र पसरते. त्यामुळे व्यवहाराचे बारकावे जाणणाऱ्या माणसाची गरज वाढते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वर्णनावरून आज्ञावली लिहून देऊ लागली आहेत, तेथेही हाच मुद्दा लागू पडतो. काय हवे आहे ते नेमके मांडण्याचे काम माणसाकडेच राहते.

६. सातबारा : एक परिचित प्रतिमान

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार ठेवल्या जाणाऱ्या गाव नमुन्यांपैकी नमुना सात हा अधिकार अभिलेखाचा आणि नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा होय. दोन्ही एकत्र दिले जात असल्याने 'सातबारा' हे नाव पडले. नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही असून नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दिसतात. मराठवाड्यात याशिवाय हैदराबाद राज्याच्या काळातील खासरा पाहणी पत्रकाचा आधार जुन्या प्रकरणांत घेतला जातो. नमुन्यांची ही रचना म्हणजे संगणकापूर्वीचे, कागदावरील एक प्रतिमानच होय. तिच्या आधारे आकृत्यांतील पाच महत्त्वाच्या संकल्पना स्पष्ट करता येतात.

(अ) संबंधाला स्वतःची माहिती असते. एका गटाचे अनेक खातेदार असू शकतात आणि एका खातेदाराचे अनेक गट असू शकतात. मग 'एक हेक्टर वीस आर' हे क्षेत्र कोठे लिहावे? ते खातेदाराच्या चौकोनात लिहिले, तर त्याचा दुसऱ्या गटातील हिस्सा लिहिण्यास जागा उरत नाही. गटाच्या चौकोनात लिहिले, तर ते कोणत्या सहहिस्सेदाराचे, हे कळत नाही. हिस्सा हा त्या दोघांमधील संबंधाचा असतो, म्हणून संबंधालाच स्वतंत्र क्लासचे स्थान द्यावे लागते. भावकीतील वाटणी पाहिलेल्या विद्यार्थ्यास ही गोष्ट एटीएमच्या उदाहरणापेक्षा लवकर उमगण्याचा संभव आहे.

(आ) गुणधर्म आणि उपप्रकार यांत फरक असतो. जमिनीची धारणा 'भोगवटादार वर्ग १' किंवा 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंदलेली असते. वर्ग दोनच्या जमिनीचे हस्तांतरण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय होत नाही. 'वर्ग' हा शब्द पाहून दोन वेगळे क्लास काढण्याचा मोह होईल. परंतु विहित नियमांनुसार रक्कम भरून वर्ग दोनची जमीन वर्ग एकमध्ये रूपांतरित होऊ शकते. जमीन तीच राहते, धारणा बदलते. जे बदलू शकते ते सामान्यतः उपप्रकार म्हणून न दाखविता बदलणारा गुणधर्म म्हणून दाखवावे, हा रचनेतील महत्त्वाचा नियम येथे प्रत्यक्ष दिसतो.

(इ) परिभाषा दिशाभूल करू शकते. 'इनहेरिटन्स' या संज्ञेसाठी मराठीत 'वारसा' हा शब्द वापरला जातो. ऑब्जेक्ट ओरिएंटेड रचनेत त्याचा अर्थ 'हा त्याचाच एक प्रकार आहे' असा होतो. बैलगाडी हा वाहनाचा एक प्रकार आहे, म्हणून वाहनाचे सामान्य गुण तिला लाभतात. महसुली कागदातील वारस हा मात्र मृत खातेदाराच्या जागी येणारा दुसरा मनुष्य असतो. तो खातेदाराचा प्रकार नव्हे. खातेदार व वारस यांच्यामध्ये इनहेरिटन्सचा बाण काढणे ही चूक ठरेल. हा भेद वर्गात प्रथमच स्पष्ट करणे हितावह आहे.

(ई) अवस्थांना क्रम असतो. खरेदी, वाटणी किंवा वारस यांमुळे होणारा बदल तलाठी फेरफार नोंदवहीत घेतो. संबंधितांना नोटीस दिली जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते व सक्षम अधिकारी सुनावणी घेऊन निर्णय देतो. प्रमाणित झाल्यानंतरच बदलाचा अंमल सातबारावर होतो. ही हॅरेल यांच्या अवस्था-आकृतीसाठी तयार सामग्री होय. 'नोटीस बजावली' या अवस्थेतून 'प्रमाणित' या अवस्थेकडे मुदत संपण्यापूर्वी जाणारा बाण आकृतीत असता कामा नये. तो चुकून काढला गेला, तर एखाद्याचा हरकतीचा हक्कच बुडतो. आकृतीतील एका रेषेचे मोल येथे कळून येते.

(उ) कर्ता कोण, हा प्रश्न मूलभूत आहे. पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतकरी स्वतः मोबाइलवरून ती नोंद करू लागला. याकोबसन यांच्या यूज केस आकृतीत हा बदल अगदी लहान दिसतो : चौकटीबाहेरील एक मानवाकृती बदलते. प्रत्यक्षात मात्र जबाबदारीच एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. ज्या शेतकऱ्याकडे स्मार्टफोन नाही, जी वृद्ध महिला खातेदार आहे, जो शेतकरी ऊसतोडीसाठी सहा महिने परजिल्ह्यात असतो, त्यांच्या वतीने ही मानवाकृती कोणाची असावी, हा प्रश्न आकृती काढताच समोर येतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचे हंगामी स्थलांतर लक्षात घेता तो केवळ तात्त्विक राहत नाही.

याच अनुषंगाने 'इतर हक्क' या रकान्याचाही विचार करता येईल. बँकेचा बोजा जेथे नोंदला जातो, तेथेच कधी कधी बहिणींची नावेही लिहिलेली आढळतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीने सहदायकी मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. बहीण 'खातेदार' या चौकोनात आहे की 'इतर हक्क' या मजकुराच्या ओळीत आहे, यावर संगणक तिला मोजतो की नाही हे अवलंबून राहते. चौकोनातील व्यक्तींची गणना सहज होते, मोकळ्या मजकुरातील नावांची होत नाही. तसेच 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून एकाच व्यक्तीचे नाव लागलेले असते, तेव्हा बाकीच्या सदस्यांचे हक्क असूनही त्यांची नावे कागदावर नसतात. त्यांच्यासाठी प्रतिमानात जागा ठेवायची की नाही, हा निर्णय तांत्रिक वाटला तरी त्याचे परिणाम सामाजिक असतात.

७. अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे ग्रामीण महाविद्यालयांत पुढील क्रमाने अध्यापन करता येईल. प्रथम नावे नसलेला कोरा सातबारा, आठ-अ आणि फेरफार यांचे नमुने विद्यार्थ्यांना द्यावेत. प्रत्यक्ष कुटुंबांचे उतारे वर्गात आणणे टाळावे, कारण त्यांत वाद व कर्जे यांची माहिती असते. दुसऱ्या टप्प्यात बेक व कनिंगहॅम यांच्या पद्धतीने खातेदार, गट, हिस्सा, फेरफार, तलाठी, मंडळ अधिकारी यांची मराठीत कार्डे तयार करावीत व एक वाटणीचे प्रकरण अभिनयाने पार पाडावे. तिसऱ्या टप्प्यात यूज केस, क्लास व अवस्था या तीनच आकृत्या काढाव्यात. चौथ्या टप्प्यात विद्यार्थ्याने आपली आकृती घरातील किंवा गावातील जाणत्या माणसाला मराठीत वाचून दाखवावी आणि त्याने काढलेल्या चुका नोंदवून आणाव्यात. आज्ञावली लिहिण्याचे काम त्यानंतर हाती घ्यावे.

चौथा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. आकृती बरोबर आहे की नाही, हे सांगणारा अधिकारी मनुष्य तेथे प्राध्यापक नसून शेतकरी असतो. शिवाय हे काम एकट्या संगणकशास्त्र विभागाचे नाही. धारणा व वारस यांसाठी विधी विषयाच्या, कर्ज व विमा यांसाठी अर्थशास्त्राच्या, खासरा पाहणी व हैदराबाद राज्याच्या कागदांसाठी इतिहासाच्या आणि परिभाषेसाठी मराठीच्या अध्यापकांचे साहाय्य लागेल. बहुविद्याशाखीय अध्ययनाचा तो एक सुलभ प्रयोग ठरू शकेल.

निष्कर्ष

१. प्रवाह-आकृतीपासून यूएमएलपर्यंतच्या आकृत्या यंत्राच्या सोयीबरोबरच, काम जाणणारा व आज्ञावली लिहिणारा यांच्यातील संवादासाठी विकसित झाल्या.
२. ज्यांच्या कामाचे वर्णन होते त्यांचा त्या वर्णनावर अधिकार असावा, हा विचार नीगार्ड यांच्या नॉर्वेतील कार्यात १९७० च्या दशकातच आढळतो.
३. व्यावसायिक क्षेत्रात संपूर्ण यूएमएलचा वापर मर्यादित असला, तरी चर्चेसाठी निवडक आकृत्यांचा वापर टिकून आहे. अध्यापनाचा भर त्यानुसार ठेवणे योग्य ठरेल.
४. पुण्यातील संशोधनामुळे या विषयाच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान निश्चित झाले आहे व ते विद्यार्थ्यांना सांगितले गेले पाहिजे.
५. सातबारा हे ग्रामीण विद्यार्थ्यास परिचित, पुरेसे गुंतागुंतीचे आणि ज्यातील चुकीची किंमत त्याला ठाऊक आहे, असे उदाहरण आहे.

तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे साधने व इंग्रजीचा सराव कमी असतो, असे नेहमी म्हटले जाते. शेतजमिनीचा व्यवहार, वाटणीतील वाद आणि फेरफाराची प्रतीक्षा यांचे ज्ञान मात्र त्याच्याकडे शहरी विद्यार्थ्यापेक्षा अधिक असण्याचा संभव आहे. ज्या प्रणालीत त्याच्या कुटुंबाची जमीन नोंदलेली आहे तिचे प्रतिमान त्याला वाचता आले, तर तो त्यातील उणीव दाखवू शकेल आणि पुढे अशी प्रणाली रचण्यातही सहभागी होऊ शकेल. गेवराईसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांनी हा प्रयोग एका सत्रापुरता जरी करून पाहिला, तरी त्याच्या फलनिष्पत्तीवर पुढील संशोधन करता येईल.